गिटारीची हत्यारे आणि किनाऱ्यावरचा सुतार

घरी गिटार घडवायची तर कोणती हत्यारे लागतात, या प्रश्नाला आज मिळणारे उत्तर म्हणजे खरेदीची एक लांबलचक यादी असते. तीत लाकूड वाकवायचे विजेचे इस्त्रीयंत्र, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवायची खास हातोडी, बारीक पात्याची परदेशी करवत आणि डझनभर शिकंजे असतात. यादी वाचून सामान्य माणसाचा उत्साह मावळतो, कारण तिच्यामागे एक गृहीतक आहे: गिटार परकी, म्हणून तिची हत्यारेही परकी. हे गृहीतक मला चुकीचे वाटते. या यादीतले बहुतेक सामान उरण-करंजापासून हरिहरेश्वरपर्यंतच्या किनाऱ्यावर होड्या बांधणाऱ्या सुताराच्या पेटीत पिढ्यानपिढ्या होते. जे नव्हते, ते बहुतेक कारागिरानेच स्वतःसाठी करून घ्यायचे असते. रायगडच्या किनाऱ्यावर गिटार घडवण्याची जुनी परंपरा होती असा माझा दावा नाही. दावा एवढाच, की या किनाऱ्याच्या सुतारकामाचा इतिहास नीट पाहिला तर हत्यारांच्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळते, आणि ते खरेदीच्या यादीपेक्षा अधिक खरे असते.

गिटार ही मुळात वस्तू कशी आहे ते आधी पाहू. ती एक पोकळ काया आहे. तिच्या बाजूंच्या फळ्या जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या असतात आणि त्या उष्णता व ओलावा देऊन कमरेच्या आकारात वाकवलेल्या असतात. वरची फळी अडीच मिलिमीटरच्या आसपास, आणि तिला आतून बारीक पट्ट्यांचा आधार. वजन कमी, पण तारांचा ताण सहन करायची ताकद मोठी, हीच तिच्या बांधणीतली खरी अडचण. आता मचवा या होडीकडे पाहा. तीही पोकळ काया, वाकवलेल्या फळ्यांची, आतून वांक्यांचा, म्हणजे वाकड्या फासळ्यांचा, आधार असलेली, कमी वजनात जास्त जोर सहन करणारी. मोजमापे निराळी आहेत, एकीकडे मिलिमीटर आणि दुसरीकडे इंच. पण करायची कामे एकाच जातीची आहेत: लाकडाची नस ओळखून फळी काढणे, ती न तडकता वाकवणे, कडेला कड बिनफट बसवणे आणि आतला आधार कायेच्या वळणाला नेमका बेतणे. खुर्ची किंवा कपाट करणाऱ्या सुताराला यातली निम्मी कामे सहसा करावी लागत नाहीत, कारण त्याची लाकडे बहुतेक सरळ असतात. वळणाचे लाकूड हा होडीवाल्याचा रोजचा विषय आहे.

म्हणून त्याची हत्यारे एकेक करून पाहिली पाहिजेत. वाकसापासून सुरुवात करू. दांड्याला आडवे बसवलेले हे पाते एकाच माणसाच्या हातात ओंडका तासते आणि त्याच दिवशी वांक्याच्या आतल्या बाजूवरचा कागदासारखा पातळ पापुद्राही काढते. गिटारीच्या मानेचे ओबडधोबड रूप काढायला याहून वेगवान हातहत्यार सापडणे कठीण. पुढचे काम मरफा आणि कानस करतात. पातळ फळी सपाट करायला रंधा, खाचेला पटाशी आणि किंकरे, ठोकायला लाकडी मोगरी, काटकोनाला गुण्या. भोक पाडायला सामता: एका हाताने कमान पुढेमागे ओढायची, तिच्या दोरीच्या वेढ्याने मधली दांडी गरगर फिरते आणि टोकाचे पाते सागात उतरते. टणक लाकडात खिळा ठोकण्यापूर्वी भोक पाडले नाही तर फळी चिरते, म्हणून होडीच्या कामात सामता सतत चालतो. गिटारीच्या खुंट्यांची भोके याच धिम्या, आवाक्यातल्या गतीने उत्तम पडतात. आपल्याकडची जुनी करवत ढकलताना कापत नाही, ओढताना कापते. ओढताना पाते ताणलेले राहते, म्हणून ते पातळ ठेवता येते आणि काप अरुंद पडतो. फ्रेटच्या खाचा कापायला आज जगभरचे हौशी कारागीर जपानी ओढकरवत मागवतात, तिच्यातले तत्त्व हेच आहे.

फळी वाकवणे आणि दाबून धरणे ही दोन कामे तेवढी खास हत्यारांची मानली जातात. किनाऱ्यावर फळी वाकवताना खालून आच देतात, वरून पाणी मारत राहतात आणि हळूहळू वजनाने किंवा दोराने ती वळणाला आणतात. गिटारवाला दोन मिलिमीटरची ओली पट्टी तापलेल्या लोखंडी नळ्यावर दाबून तेच करतो, आणि हा नळा शेगडीवरही तापतो. दाबून धरायला होडीवाल्याकडे दोर आणि पाचर असते. स्पेनमधले जुने गिटारकारही मागची फळी चिकटवताना सगळ्या कायेला दोरीचे वेढे घालून खाली पाचरी सारत असत. सांध्याला जनावराच्या चामड्याहाडांचा सरस आणि वरून चपडा लाखेचे पॉलिश, ही सामग्री तर आपल्या सुताराच्या घरचीच. उरतात ते साचे: कायेच्या आकाराचा लाकडी साचा आणि फ्रेटच्या अंतरांची पट्टी. ते कुठलाही गिटारकार स्वतःच करतो.

ही हत्यारे या किनाऱ्यावर कुठल्या आडगावच्या कामासाठी नव्हती. चौलच्या तोंडावर 1508 मध्ये पोर्तुगीज आरमाराची लढाई झाली, 1521 मध्ये त्यांनी तिथे किल्ला बांधायला घेतला, 1594 मध्ये समोरचा कोर्लईचा डोंगर घेतला आणि 1740 पर्यंत रेवदंडा-कोर्लईवर त्यांचा अंमल राहिला. कोर्लई गावात पोर्तुगीज मुळाची एक मिश्रभाषा आजही बोलली जाते. पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर व्हायोला नावाचे, गिटारीच्याच कुळातले तंतुवाद्य आले. म्हणजे वाद्याचे कूळ आणि जहाजबांधणीची हत्यारे ही दोन्ही याच शतकांत याच किनारपट्टीवर एकत्र नांदत होती. पण इतिहासाने आपल्यासाठी याहून मोलाचा पुरावा ठेवला आहे, आणि तो हत्यारांबद्दल नसून हातांबद्दल आहे. 1659 मध्ये शिवाजी महाराजांनी सिद्दीविरुद्ध आरमार उभारताना कल्याण, भिवंडी आणि पनवेलला जहाजे बांधायला घेतली. त्या कामावर रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज जहाजबांधणीकार आणि त्याच्या हाताखालची सुमारे 340 माणसे होती. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना काम सोडायला लावले आणि ही माणसे निघून गेली. लाकूड, लोखंड, हत्यारे यांपैकी काही गेल्याने काम अडणार नव्हते. पोर्तुगीजांनी नेमके ओळखले होते की आरमार अडवायचे तर कारागीर हलवला पाहिजे.

तरीही आरमार उभे राहिले, हे पुढचे सत्य त्याहून महत्त्वाचे. ज्या सुतारांनी गुराबा आणि गलबते ही जहाजे बांधली, त्यांनी ही विद्या इतकी आपलीशी केली की 1680 नंतर अलिबागच्या समुद्रात आरमाराच्या तळासाठी कुलाबा किल्ला उभा राहिला आणि मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांच्या हयातीत, म्हणजे 1729 पर्यंत, इंग्रज आणि पोर्तुगीज या दोघांनाही या किनाऱ्यावरून सुखाने जाता आले नाही. परक्याची विद्या स्थानिक हत्यारांनी आत्मसात करता येते, हे या किनाऱ्याने 300 वर्षांपूर्वीच सिद्ध केले आहे. खाडीपलीकडे मुंबईत मात्र कारागीर जाण्याऐवजी आले. 1736 मध्ये लवजी नसरवानजी वाडिया काही सुतारांसह सुरतेहून मुंबईच्या गोदीत आला. त्याच्या घराण्याने जी जहाजे बांधली, त्यांतले 1817 मध्ये पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागाचे लढाऊ जहाज आज दोनशेहून अधिक वर्षांनी इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे पाण्यावर आहे. विजेचे एकही यंत्र नसताना, हाताने तासलेल्या सांध्यांचा हा हिशोब आहे. मुंबईच्या गोदीचे भाग्य एका सुताराच्या स्थलांतराने उजळले, कारण हत्यारांच्या पेटीबरोबर ती चालवायची रीतही आली.

यावर कुणी म्हणेल, जहाजबांधणी मोठी विद्या असेल, पण वाद्य घडवणे ही वेगळी, नाजूक विद्या आहे. सुताराने तिच्यात हात घालू नये. हाच वाद जर्मनीत खुद्द गिटारीवरून झडला होता. सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्खन या गावी व्हायोलिन करणाऱ्यांच्या संघटनेने 1820 आणि 1830 च्या दशकांत तक्रार केली की लाकडी सामान करणारे सुतार गिटारी करतात, त्यांना तो हक्क नाही. सुतारांनी त्याला उत्तर दिले, आणि त्यांचा गिटार करण्याचा हक्क टिकला. याच सुतारघराण्यातला ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन 1833 मध्ये अमेरिकेला गेला आणि त्याने सुरू केलेला गिटारींचा कारखाना आजही चालू आहे. आजच्या शास्त्रीय गिटारीचा आकार आणि आतली रचना ज्याने कायम केली, तो स्पेनमधला आंतोनियो दे तोरेस (1817–1892) हाही लहानपणी सुतारकाम शिकलेला माणूस. 1862 मध्ये त्याने मागची फळी आणि बाजू चक्क कागदी पुठ्ठ्याच्या करून एक गिटार बांधली. वाद्याचा आवाज प्रामुख्याने वरच्या फळीवर आणि तिच्या आतल्या पट्ट्यांवर ठरतो, हे त्याला दाखवायचे होते. किमती लाकूड आणि किमती सामान यांच्याविना गिटार उभी राहत नाही, असे मानणाऱ्याने या एका गिटारीचा विचार करावा.

आपल्या महाराष्ट्रातला पुरावा तर आणखी थेट आहे. मिरजेची सतार आणि तंबोरा आज साऱ्या देशात नावाजलेले आहेत. 2024 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. हा धंदा 19 व्या शतकाच्या मध्याला ज्या फरीदसाहेबांपासून सुरू झाला, ते शिकलगार समाजातले, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या घराण्यातले होते. शस्त्रांचे दिवस सरले, तसे या माणसांनी भोपळा आणि लाकूड हाती घेतले. वाद्याची परंपरा त्यांच्या घरी नव्हती. पात्याची जाण आणि धार लावण्याची सवय होती. ज्याला धार कळते, त्याला लाकूड कळायला वेळ लागत नाही. घरी गिटार करू पाहणाऱ्याने सर्वांत आधी काय घ्यावे, असे विचारले तर मिरजेचा इतिहास सांगतो: एक चांगला धारेचा दगड. बोथट रंध्याने अडीच मिलिमीटरची फळी फाटते, मग तो रंधा कितीही महाग असो.

आता अचूकपणाचा आक्षेप. होडीत बोटभर फट बुजवता येते, गिटारीत केसाएवढी चालत नाही, म्हणून होडीवाल्याचा हात इथे निरुपयोगी, असे म्हटले जाते. यातला पहिला भागच खरा नाही. जॉन हेन्री ग्रोस या इंग्रज प्रवाशाचे पुस्तक 1757 मध्ये निघाले. सुरतेच्या जहाजबांधणीबद्दल त्याने लिहिले आहे की फळ्यांच्या कडा एकमेकींत खाचेने बसवलेल्या असतात आणि सांधे इतके घट्ट असतात की पाणी शिरत नाही. आपल्या किनाऱ्याच्या बांधणीत बाहेरची फळी आधी उभी राहते आणि आतला आधार नंतर तिच्या वळणाला बेतून बसवतात. ही पद्धत सांध्यावर पूर्ण विश्वास असल्याशिवाय चालूच शकत नाही. दुसरे असे, की गिटारीतला खरा कठीण अचूकपणा लाकूडकामाचा नसून मोजमापाचा आहे. तारेची मोकळी लांबी 650 मिलिमीटर असेल तर पहिला फ्रेट खुंटीकडच्या टोकापासून सुमारे 36.5 मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर 325 वर यायला हवा. प्रत्येक वेळी उरलेल्या लांबीला 17.817 ने भागायचे. गॅलिलिओचे वडील विंचेंझो गॅलिलेई यांनी 1581 मध्ये यासाठी 18 चा सोपा भागाकार सुचवला होता. त्याने बाराव्या फ्रेटला दोन मिलिमीटरहून थोडा जास्त फरक पडतो, तरी युरोपातले कारागीर पुढे बराच काळ त्यावर काम करत राहिले. कर्कटक, पट्टी आणि टोकदार लोखंडी सळई एवढ्यावर हे काम होते. घाईत चुकले तर जगातली कुठलीच करवत ते वाचवत नाही.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो मी मान्य करतो. होडी आणि गिटार यांचे पाण्याशी नाते अगदी उलट आहे. होडीची फळी पाण्यात फुगते आणि सांधे आवळले जातात. गिटारीची फळी दमटपणात फुगली की वर येते, मग कोरड्या हवेत आक्रसून तडकते. गिटारीच्या कार्यशाळांत हवेतला दमटपणा 45 ते 50 टक्क्यांच्या आसपास राखतात. कोकणात पावसाळ्यात तो सहज 80 च्या वर असतो. म्हणजे या एका बाबतीत होडीवाल्याचे शिक्षण गिटारवाल्याला वाट दाखवत नाही. पण इथेही लागणारे साधन स्वस्त आहे: दमटपणा मोजायचे एक छोटे मापक. आणि दुसरे साधन ऋतू आहे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरवायच्या, असे वर्षाचे गणित किनाऱ्यावर ठरलेलेच असते. तसेच वरची फळी आणि तिच्या पट्ट्या चिकटवायचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत करायचे आणि पावसाळा साचे, मान व नकाशे यांना द्यायचा. ज्या समाजाने ऋतू पाहून लाकडाशी वागायची सवय लावून घेतली आहे, त्याला हे शिकवावे लागणार नाही.

लाकडाबद्दलही आपण उगाच संकोच करतो. ब्राझीलचे रोझवुड दुर्मीळ झाल्यावर, 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून, जगातल्या मोठ्या गिटार कारखान्यांनी मागच्या फळीसाठी आणि बाजूंसाठी भारतातले रोझवुड, म्हणजे आपले शिसव, घ्यायला सुरुवात केली. रायगडच्या किनाऱ्यापासून जे डोंगर दिसतात, त्याच सह्याद्रीच्या रांगेत ते वाढते. 2017 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत आणि 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. म्हणून शिसव जपून, कायदेशीर मार्गाने मिळेल तेवढेच वापरावे. पण फणस आहे, साग आहे. दक्षिणेत वीणा फणसाचीच करतात. जुन्या सागाच्या फळीचे वजन अधिक असले तरी मागच्या फळीला ते चालते, आणि तोरेसच्या पुठ्ठ्याने मागच्या फळीबद्दलची भीती कधीच घालवली आहे. वरच्या फळीसाठी हलके, सरळ नसेचे लाकूड बाहेरून आणावे लागेल, हे खरे. तेवढे आणावे.

शेवटचा प्रश्न असा, की आज हे सारे सांगण्याचा उपयोग काय? किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आल्या, लाकडी होड्यांचे काम कमी झाले, आणि विजेच्या यंत्रांनी महिन्याचे काम आठवड्यात होते. यंत्र वापरू नये असे मी म्हणत नाही. विजेची करवत आणि पॉलिश-यंत्र हाताशी असेल तर खुशाल वापरावे. माझा मुद्दा क्रमाचा आहे. यंत्र हाताचे श्रम कमी करते, पण फळी बोटाने ठोकून तिचा आवाज ऐकणे, नस कुठे वळते ते पाहणे, आच किती झाली ते ओल्या लाकडाच्या वासावरून ओळखणे, ही समज ते देत नाही. ती समज ज्यांच्याकडे आहे ती माणसे या किनाऱ्यावर अजून आहेत, आणि त्यांच्याकडून ती घेणारे कमी होत चालले आहेत. 1659 मध्ये कारागीर एकदम गेले, म्हणून ते नोंदले गेले. आज ते एकेक करून, कुणाच्या लक्षात न येता कमी होत आहेत, आणि नुकसान मात्र तेच आहे.

म्हणून ज्यांना घरी गिटार घडवायची आहे, त्यांनी खरेदीची यादी बाजूला ठेवावी आणि आधी उरण, अलिबाग, रेवदंडा, मुरूड किंवा दिघी इथे जिथे लाकडी होडीची दुरुस्ती चालू असेल तिथे जाऊन सुताराच्या हाताखाली काही दिवस काम करावे. वाकस कसा धरतात, धार कशी लावतात, फळी कशी वाकवतात ते पाहावे, त्याची नोंद ठेवावी, आणि त्या कामाचा योग्य मोबदला द्यावा. आपल्या तंत्रशाळांनी आणि महाविद्यालयांनीही या हत्यारांची चित्रे, मापे आणि वापराच्या रीती मराठीत लिहून ठेवण्याचे काम हाती घ्यावे. पटाशी, रंधा, मरफा, ओढकरवत, सामता, कर्कटक, धारेचा दगड आणि शेगडीवरचा नळा: गिटारीला लागणारी मुख्य हत्यारे एवढीच आहेत. बाकी लागतो तो शिकवणारा हात, आणि तो असेपर्यंतच त्याच्याकडून शिकून घेणे हे आपले काम आहे.